ब्रेकवरचा पाय

एडिनबरा
११ फेब्रुवारी २०२४

चि. अक्षया,
आशीर्वाद, आणि एक जुनी तक्रार.

मी मोहन दातार. तुझी आई मालविका माझी मावसबहीण, म्हणजे मी तुझा मामा झालो. तू मला एकदाच पाहिलं आहेस. तेव्हा तू दीड वर्षांची होतीस आणि माझ्या कोटाच्या खिशात अर्धवट चावलेलं बिस्कीट कोंबून ठेवलं होतंस. ते मला परतीच्या विमानात सापडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मालविका परवा फोनवर म्हणाली, अक्षया कॉव्हेंट्रीत असते आणि गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरचं काम करते. मी उडालोच. मी कॉव्हेंट्रीत सव्वीस वर्षं काढली, गाड्यांच्या कारखान्यात, ब्रेकच्याच विभागात. मग मधुमतीला, म्हणजे तुझ्या मामीला, एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. ती जाऊन चार वर्षं झाली.

आता काम सांगतो. माझ्याकडे एक गाडी आहे. तयार घेतलेली नव्हे, घरी बांधलेली. सुटे भाग खोक्यांतून येतात, इंजिन एखाद्या जुन्या गाडीचं घ्यायचं आणि गॅरेजात नटबोल्ट आवळत बसायचं. किट कार म्हणतात. दोन माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, वजन जेमतेम सहाशे किलो. मी आणि मधुमती पाच वर्षं खपलो तिच्यामागे. सरकारी तपासणीत पहिल्याच फटक्यात पास झाली. नंबरप्लेट लागली त्या दिवशी मधुमतीने आळीभर शिरा वाटला. शेजारच्या आजींनी तो कस्टर्ड घालून खाल्ला.

या गाडीला मला एबीएस बसवायचं आहे. मला समजतं ते लिहितो, चुकलं तर कान धर. ब्रेक जोरात दाबला की चाकं अडकतात, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंगचं काही ऐकत नाही. एबीएस असलं की ते चाक अडकताना ओळखतं, दाब क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं. भंगारातल्या एका छोट्या मोटारीतला एबीएसचा डबा मी काढून आणला आहे. चाकाचा वेग मोजायच्या दातेरी कड्याही आहेत. तो डबा माझ्या गाडीत चालेल का, आणि त्याच्या आतलं गणित बदलून मिळेल का, एवढं सांग.

फोन केला असता, पण नळ्यांचं चित्र फोनवर काढता येत नाही. मागच्या पानावर काढलं आहे. उत्तराची घाई नाही, वाट मात्र बघतो.

मोहनमामा

—

कॉव्हेंट्री
२५ फेब्रुवारी २०२४

ती. मोहनमामा,
नमस्कार, आणि बिस्किटाबद्दल मनापासून सॉरी.

पाकिटावर हाताने लिहिलेलं माझं नाव बघून आधी पत्ता दोनदा तपासला. मला इथे पोस्टाने फक्त बँकेची आणि व्हिसाची पत्रं येतात. किचनमध्ये उभ्याउभ्याच वाचलं, मग खोलीत नेऊन नीट बसून परत वाचलं.

आधी एक कबुली. मला गाडी चालवता येत नाही. टेस्ट ट्रॅकवर दुसरंच कोणी ब्रेक दाबतं, त्याच्या फाइल्स माझ्याकडे येतात आणि स्क्रीनवरच्या रेघा बघून मी सांगते की सॉफ्टवेअर वेळेवर जागं झालं की नाही. हसा खुशाल.

तुमचा डबा चालणार नाही. तो ज्या गाडीतून काढला तिचं वजन, टायरचा साइझ, पुढे किती भार, मागे किती, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. तुमची गाडी तिच्या जवळजवळ निम्म्या वजनाची. तो नको तेव्हा सोडेल आणि नको तितका वेळ सोडेल. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. आतलं गणित मला बदलता येत नाही, आणि आलं असतं तरी तुमच्या गाडीवर टेस्ट केल्याशिवाय मी दिलं नसतं. पण रेसिंगवाल्यांसाठी सेटिंग बदलता येणारे डबे मिळतात. तसा मिळवलात तर आकडे काढायला मी मदत करीन.

एक विचारू का? आमच्या टीममधला एकजण अशाच गाड्या बांधतो. तो म्हणाला, हे लोक एबीएसचं नाव काढलं तरी नाक मुरडतात, त्यांना पायानेच ब्रेक सांभाळायचा असतो. मग तुम्हाला का हवंय?

मी इथे मजेत आहे. मराठी मंडळ आहे, पाडव्याचा मोठा कार्यक्रम आहे, खूप ओळखी झाल्यात. काळजी नसावी.

तुमची भाची,
अक्षया

—

एडिनबरा
१० मार्च २०२४

चि. अक्षया,

पोटभर हसलो, तू परवानगी दिलीस म्हणून. ब्रेकची तज्ज्ञ आणि गाडी येत नाही! आमच्या कारखान्यात याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे, अर्थात मी आणि नागपूरचा एकजण, आम्ही दोघंच म्हणायचो. बाकीच्यांना उंट समजावता समजावता चहाची सुट्टी संपायची.

तुझा तो टीममधला बरोबर सांगतो. मीच इतकी वर्षं आमच्या किट कारवाल्यांच्या क्लबात छाती ठोकून सांगत आलो की ज्याच्या तळपायाला अक्कल आहे त्याला एबीएस लागत नाही. चाक अडकायच्या बेताला आलं की पेडलात एक बारीक थरथर येते. ती तळव्याला कळते आणि पाय आपोआप हलका होतो. मी तर अनवाणीच चालवतो. हा मधुमतीचा नियम. तिने गाडीत गालिचा बसवला, कडा हाताने शिवल्या आणि जाहीर केलं की घरात जशा चपला उंबऱ्याबाहेर तशा इथेही. त्यामुळे बूट पिशवीत घालून मागे. पेट्रोल भरायला मी कितीतरी वेळा अनवाणीच उतरलो आहे. लोक बघतात, बघेनात का.

पण आता वय झालं. रस्त्यात हरणं आडवी येतात. पाऊस तर पाचवीला पुजलेला. म्हणून हवंय. झालं समाधान?

क्लबातल्या अनुपने रेसिंगचा जुना डबा द्यायचं कबूल केलं आहे. तो बसवायचा म्हणजे सगळ्या नळ्या सोडवून परत जोडायच्या आणि आतली हवा काढायची. हे दोन माणसांचं काम. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा, मगच पहिल्याने पाय उचलायचा. मी खाली आणि मधुमती वर असायची. मी ओरडायचो ‘दाब’, ती म्हणायची ‘दाबलं’. ‘सोड.’ ‘सोडलं.’ एकेका चाकाला चाळीस-पन्नास वेळा. एकदा मध्येच म्हणाली, ‘अहो, लग्नाला तीस वर्षं झाली, एवढं लक्ष देऊन माझं बोलणं कधी ऐकलं नव्हतंत.’ आता मी सीट आणि पेडल यांच्यामध्ये झाडूचा दांडा अडकवतो आणि दर वेळी उठून तो काढतो. एका चाकाला अख्खी दुपार जाते. दुपारी तशाही मोकळ्याच असतात.

पाडव्याला श्रीखंड खा माझ्या वाटणीचं. मला शुगरमुळे वर्ज्य.

मोहनमामा

—

कॉव्हेंट्री
२४ मार्च २०२४

ती. मोहनमामा,

झाडूच्या दांड्याबद्दल मी ऑफिसात सांगितलं. कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, त्याचे वडीलही असंच करायचे.

सोबत एक छोटं पार्सल आहे. प्रेशर सेन्सर, चाकासाठी सेन्सर, आणि रेकॉर्ड करणारी काड्यापेटीएवढी वस्तू. माझ्या ड्रॉवरमध्ये धूळ खात पडली होती, ऑफिसची नाही, घाबरू नका. नवीन डब्यात आकडे भरायच्या आधी तुमची गाडी आज कशी थांबते ते मला बघायचंय. रिकामी जागा बघा, ताशी तीस मैलांवरून ब्रेक मारा, चाक अडकलं की नेहमीसारखा पाय हलका करा. असं सहा-सात वेळा. मग त्यातलं मेमरी कार्ड पाकिटात घालून पाठवा. चाक कुठल्या दाबाला अडकतं आणि तुमचा पाय किती लवकर सोडतो, ते रेघांत दिसेल. तुमच्या पायाइतकं तरी एबीएसला जमलं पाहिजे ना!

हे काम मला ऑफिसच्या कामापेक्षा आवडतंय. शनिवारी काही करायला असलं की बरं वाटतं.

अक्षया

—

एडिनबरा
१२ मे २०२४

चि. अक्षया,

उशीर झाला. डबा बसवायला जागा करता करता नळ्या तीनदा वाकवाव्या लागल्या. चाचणी मात्र जुन्याच ब्रेकवर केली, तू सांगितलंस तशी. क्लबाला महिन्यातून एका रविवारी जुनी धावपट्टी मिळते. सकाळी धुकं होतं, मग उघडलं. सात वेळा मारला ब्रेक. टायरचा वास असा सुटला की मला एकदम कारखान्याची आठवण झाली आणि उगाचच भूक लागली.

चाक अडकलं की लगेच पाय सोडत होतो. तुझ्या सॉफ्टवेअरला म्हणावं, जमतंय का बघ. कार्ड सोबत आहे.

क्लबातली मंडळी आता कमी येतात. पूर्वी वीस गाड्या असायच्या, या वेळी चार होत्या. अनुपही लौकर गेला, त्याच्या नातवाचा वाढदिवस होता. मी एकटाच जेवणाचा डबा खाऊन निघालो.

मोहनमामा

—

कॉव्हेंट्री
२६ मे २०२४

ती. मोहनमामा,

फाइल बघितली. काहीतरी गडबड आहे. दाबाची रेघ वर चढते, चाक अडकतं, इथपर्यंत छान. पण त्यानंतर तुम्ही पाय हलका केलात म्हणता तिथे रेघ खाली यायला हवी. ती येतच नाही. गाडी थांबेपर्यंत तशीच आडवी जाते. सातही वेळा. नक्कीच माझा सेन्सर अडकलाय, जुना आहे बिचारा. दुसरा, अगदी नवीन पाठवतेय. तुम्हाला परत त्रास देतेय याचं वाईट वाटतं.

मी ठीक. इथे उन्हाळा आलाय असं सगळे म्हणतात.

अक्षया

—

एडिनबरा
१६ जून २०२४

चि. अक्षया,

नव्या सेन्सरने पाच वेळा केलं. कार्ड सोबत. आता तरी तुझी रेघ खाली येऊ दे बाई, नाहीतर तू माझ्यावरच शंका घ्यायचीस.

डबा जागेवर बसला. त्याच्यासाठी पट्टीला भोकं पाडली, आवळली, रंग दिला, झकास झालं. वायरिंग पुरं झालं. सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो, तपासणीवाल्यांना तो तसाच लागतो. आता तू आकडे पाठव, मी ते भरतो आणि पुढच्या आठवड्यात समुद्राकाठच्या रस्त्याने एक लांब फेरी मारतो. गेल्या नोव्हेंबरपासून मी नीटशी चालवलेलीच नाही.

जाता जाता एक गंमत. मंगळवारी गालिच्यावर, पेडलखाली, काळपट डाग दिसला. मला वाटलं नळी गळतेय. चार तास टॉर्च घेऊन सगळे जोड तपासले. कुठे काही नाही. शेवटी हात पुसायला खाली बसलो तर माझ्याच उजव्या टाचेत ड्रिलमधून पडलेला लोखंडाचा कुरळा तुकडा रुतलेला. भोकं रविवारी पाडली होती. म्हणजे दोन दिवस मी तो घेऊन घरभर फिरत होतो! गळती गाडीला नव्हती, मला होती. मधुमती असती तर गालिच्यावरून माझी चामडी लोळवली असती. डाग अजून नीट निघालेला नाही.

आकड्यांची वाट बघतो.

मोहनमामा

—

कॉव्हेंट्री
३० जून २०२४

ती. मोहनमामा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

दोन्ही सेन्सर बरोबर होते. मी ते इथे मशीनवर लावून बघितले. बाराही वेळा चाक अडकल्यावर तुमचा पाय पेडलवर तेवढ्याच जोराने राहिलाय. तुम्ही लिहिलंत की लगेच सोडत होतो, आणि तुम्हाला तसंच वाटत असणार, यावर माझा विश्वास आहे. पण पाय सुटलेला नाही. त्यात तुम्ही टाचेचं लिहिलंत. दोन दिवस लोखंड रुतलेलं असताना कळलं नाही, ही गंमत नाही, मामा. मी आईला फोन केला. ती म्हणाली, तुम्हाला वीस वर्षं डायबेटिस आहे. मी डॉक्टर नाही, पण तुमच्या उजव्या पायाला आता कळत नाही असं मला वाटतं.

मला हे मे महिन्यातच खटकलं होतं. पण मोठ्या माणसांना तब्येतीचं असं तोंडावर विचारायचं नसतं असं मनात आलं, आणि मी दोष सेन्सरवर ढकलला. त्याची मला लाज वाटते.

मी आकडे पाठवणार नाही. चाक अडकलं तर एबीएस ते सोडवील. पण पाय ब्रेकवर आहे की शेजारच्या पेडलवर, हे त्याला कळत नाही. ते तुमच्या पायालाच कळायला हवं. कृपा करून डॉक्टरांना दाखवा, आणि तोपर्यंत गाडी बाहेर काढू नका. ही गाडी तुमच्यासाठी काय आहे ते मला माहीत आहे. तरी हे लिहितेय.

रागावलात तरी चालेल, पण पत्र लिहा.

अक्षया

—

एडिनबरा
७ जुलै २०२४

चि. अक्षया,

पत्र पोचलं. दोन्ही सेन्सर आणि बाकीचं सामान परत पाठवत आहे.

तू जन्मायच्या आधीपासून मी लोकांना ब्रेक लावून देतो आहे. ज्या मुलीने आयुष्यात पेडलवर पाय ठेवला नाही तिने मला माझ्या पायाचं शिकवू नये. मालविकेला मध्ये घालायचंही कारण नव्हतं. आकडे मी दुसरीकडून मिळवीन.

मोहन दातार

—

कॉव्हेंट्री
४ ऑगस्ट २०२४

ती. मोहनमामा,

पार्सल मिळालं. तुम्ही सेन्सर किती नीट गुंडाळून पाठवलेत, रागात असूनसुद्धा. ते बघून मला जास्तच रडू आलं.

मी तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं, ते दुरुस्त करते. मी मराठी मंडळात कधी गेलेच नाही. पाडव्याच्या दिवशी साडी नेसून बसस्टॉपपर्यंत गेले आणि परत आले. तिथे सगळे कुटुंबं घेऊन येतात. मी दारात एकटी उभी राहून कोणाला काय सांगणार होते? दोन वर्षांत माझ्या इथल्या घरी कोणीही आलेलं नाही. आईला मी ओळखींबद्दल सांगते त्यातली निम्मी माणसं ऑफिसमधली आहेत आणि ती मला ईमेलमध्येच भेटतात. महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या नावाचं एक पत्र येणार, ही माझ्या इथल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. आकडे पाठवून टाकले असते तर ते चालू राहिलं असतं. म्हणूनच चार वेळा पत्र फाडलं.

तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं कार्ड आहे. ठीक आहात एवढंच लिहून पेटीत टाका.

अक्षया

—

एडिनबरा
१९ ऑगस्ट २०२४

ठीक आहे.

मो.

—

कॉव्हेंट्री
८ सप्टेंबर २०२४

ती. मोहनमामा,

कार्डावरचं अक्षर तुमचं वाटलं नाही, इतकं वाकडं होतं. मी एकवीस तारखेला, शनिवारी, ट्रेनने येतेय. दुपारी पोचेन आणि रविवारी संध्याकाळी परत निघेन. घर मी शोधीन, घ्यायला येऊ नका. येऊ नको असं वाटत असेल तर कळवा. कळवलं नाहीत तर मी दारात उभी असेन.

अक्षया

—

एडिनबरा
६ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षया,

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. टाचेला पट्टी आहे आणि पाय स्टुलावर ठेवून बसायचा हुकूम आहे, त्यामुळे मांडीवर पाटी घेऊन लिहितो. म्हणून अक्षर वाकडं. कार्डावरचं वाकडं होतं त्याला मात्र हे कारण नव्हतं.

तू आलीस तेव्हा मी दार उघडून आठ्या घालूनच उभा होतो. काय काय सुनवायचं ते सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. तू चपला काढल्यास आणि नमस्काराला वाकलीस. मी सवयीने म्हणालो, ‘असू दे, असू दे.’ पण तू उठलीच नाहीस. तिथेच पॅसेजमध्ये बसलीस, माझा मोजा काढलास आणि म्हणालीस, ‘मामा, भिंतीला धरा. पाय वर करा.’ मला लाज वाटली, रागही आला. कोणी माझा पाय हातात धरला त्याला चार वर्षं झाली होती. टाचेत लोखंड रुतलं होतं त्या जागेशेजारी बोटभर जखम होती आणि ती मला माहीतच नव्हती. तू ओरडली नाहीस. नुसतीच बघत राहिलीस, म्हणून मी घाबरलो.

हॉस्पिटलात म्हणाले, आणखी दोन आठवडे गेले असते तर बोट कापायचं की पाऊल, यावर बोलावं लागलं असतं. त्या वेळी तू बाहेर फॉर्म भरत होतीस. मी तुला ते सांगितलं नाही. आता सांगतो.

आणखीही एक सांगायचं राहिलं आहे. हरणांचं मी खोटं लिहिलं होतं. गेल्या नोव्हेंबरात, भर दुपारी, पावसात मी बाजारातून येत होतो. झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई उतरली. मी ब्रेक मारला. चाकं अडकली, पायाला काही कळलं नाही आणि गाडी घसरत पट्ट्यांवर जाऊन थांबली. ती बाई एक पाऊल मागे सरली होती म्हणून वाचली. तिच्या कोटाचं बटण मला दिसत होतं, इतकी जवळ. आणि ती मलाच म्हणाली, ‘सॉरी.’ हात वर करून, हसून. मी घरी आलो आणि गॅरेजचं दार लावून घेतलं. त्यानंतर महिनाभराने मला एबीएस सुचलं. वाटलं, पाय गेला तर गेला, त्याच्या जागी यंत्र लावू. कोणाला सांगायला नको. ब्रेक हीच एक गोष्ट मला आयुष्यात नीट येत होती, अक्षया. ती आता येत नाही असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

टाचेचं मी तुला गंमत म्हणून लिहिलं. ते चुकून लिहिलं, की कोणीतरी ओळखावं म्हणून लिहिलं, माझं मलाच सांगता येत नाही. तू ओळखलंस तेव्हा मात्र मी पिसाळलो. बोललो त्याबद्दल माफ कर.

लायसन्स मी स्वतःच सरकारी ऑफिसला पाठवून दिलं. त्यांनी मागायची वाट बघितली नाही. गाडी रस्त्यावरून काढल्याचा फॉर्मही भरला. अनुप म्हणाला, हाताने ब्रेक मारायची सोय करता येते. करता येत असेल. मी नको म्हटलं. ती बाई मला अजून दिसते. अनुपचा डबा काढून त्याला परत दिला. गाडी गॅरेजात आहे, झाकून ठेवली आहे, आणि गॅरेजात गेलं की मला रडू येतं, म्हणून सध्या तिकडे जात नाही.

शुक्रवारी पट्टी बदलायला क्लिनिकात गेलो होतो. तिथली नर्स शुगरच्या तपासणीत दर वर्षी एक प्रश्न विचारते, घरात तुमचे तळवे बघायला कोणी आहे का? कागदावर तिला खूण करायची असते. मी दर वर्षी सांगत आलो, ‘हो, बायको बघते.’ मधुमती होती तेव्हाही सांगितलं आणि ती गेल्यावरही चार वर्षं तेच सांगत राहिलो. या खेपेला म्हटलं, ‘नाही. बायको वारली. कोणी नाही.’ नर्सने पेन खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, दुसरं कोणी, नात्यातलं? मी तुझं नाव दिलं. कॉव्हेंट्रीत राहते असंही सांगितलं. ती म्हणाली, फार लांब आहे. मी म्हटलं, आहे. पण लिहा.

दिवाळीला ये. येशील ना? ट्रेन कितीला पोचते ते कळव. पट्टी तोवर निघेल असं म्हणतात. या वेळी मी स्टेशनवर घ्यायला येईन, बसने.

मोहनमामा